लक्ष्मी रस्त्याची हवा संगणकात: शहरी हवामानाचं पहिलं सिम्युलेशन कसं करावं

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, फोटो काढतात आणि हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आज हवा किती छान वाटतेय!’ पण नेमकी किती छान? आदल्या दिवशीच्या मोजणीशी तुलना करावी, तर आदल्या दिवशी वारा वेगळा होता, थंडी वेगळी होती, आसपास कुठेतरी कचरा जळत होता. फरक गाड्यांमुळे पडला की वाऱ्यामुळे, हे नुसत्या मोजणीवरून सांगता येत नाही.

संगणकात मात्र तोच दिवस, तोच वारा आणि तेच ऊन ठेवून फक्त गाड्या काढून टाकता येतात. शहरी हवेच्या सिम्युलेशनची खरी ताकद इथे आहे. नवीन मुलं बहुतेक वेळा उलटं समजतात. त्यांना वाटतं, मॉडेल आपल्या दारातलं प्रदूषण अचूक सांगेल. तसं ते क्वचितच सांगतं. एक गोष्ट बदलल्यावर काय बदलतं, हे मात्र बऱ्यापैकी सांगतं. म्हणून या लेखात रन, म्हणजे मॉडेल एकदा चालवणं, जोडीनंच करायचे आहेत: एक ‘आहे तसा’, दुसरा ‘एक बदल करून’. उदाहरण म्हणून लक्ष्मी रस्ता, ११ डिसेंबर, सकाळी ९ ते १०.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘पुण्याच्या हवेचा अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘११ डिसेंबरला सकाळी ९ ते १० या वेळेत गाड्या बंद केल्या, तर फुटपाथवर दीड मीटर उंचीला नायट्रोजन ऑक्साइड किती कमी होतात?’ हा प्रश्न झाला. त्यात जागा आहे, वेळ आहे, उंची आहे, कोणता वायू ते आहे आणि बदल कोणता तेही आहे. पुढचे सगळे निर्णय याच वाक्यातून निघतात.

प्रदूषक मुद्दाम नायट्रोजन ऑक्साइड घेतलाय. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) जास्त गाजतो, पण एका रस्त्यावरच्या पीएम २.५ मधला बराच भाग रस्त्याबाहेरून आलेला असतो: शहराचा, जिल्ह्याचा, कधी शेकडो किलोमीटरवरचा. शिवाय टायरखालून उडणाऱ्या धुळीचा हिशोब भल्याभल्यांना जमत नाही. नायट्रोजन ऑक्साइड मात्र मुख्यतः इंजिनातून येतात, त्यामुळे गाड्या काढल्या की फरक ठळक दिसतो. शिकायला हेच बरं.

पायरी २: मॉडेल निवडा

अख्ख्या शहराचं तापमान हवं असेल तर डब्ल्यूआरएफ. अमेरिकेच्या एनकार संस्थेच्या पुढाकारानं वाढलेलं, फुकट आणि जगभर वापरात असलेलं मॉडेल. ग्रिड म्हणजे हवेचे पाडलेले चौकोनी तुकडे (सेल); एक किलोमीटरच्या ग्रिडवर पुणे-पिंपरी आरामात बसतं. त्यात इमारती वेगवेगळ्या दिसत नाहीत. वस्तीची सरासरी उंची, दाटी आणि रस्त्यांची रुंदी एवढंच मॉडेलला कळतं. त्यासाठी ‘लोकल क्लायमेट झोन’ ही पद्धत वापरतात. स्ट्युअर्ट आणि ओक यांनी २०१२ मध्ये मांडलेले हे १७ वर्ग आहेत, १० बांधलेल्या जमिनीचे आणि ७ मोकळ्या जमिनीचे. डब्ल्यूआरएफसोबत येणारा जमीनवापराचा नकाशा जुन्या उपग्रह-चित्रांवरचा आहे, सगळं शहर त्यात एकाच वर्गात जातं. तो बदलल्याशिवाय उपनगरांच्या उष्णतेवर काही बोलू नका.

आपला प्रश्न एका रस्त्याचा आहे, तिथे इमारत न् इमारत दिसायला हवी. यासाठी जर्मनीत हॅनोवरच्या लायब्निझ विद्यापीठात तयार झालेलं ‘पाम’ घ्या. ते फॉरट्रानमध्ये लिहिलेलं आहे, मुक्त परवान्याखाली मिळतं आणि त्याचे शहरी भाग, म्हणजे भिंतींची उष्णता, झाडं, रसायनं, माणसाला जाणवणारा उकाडा, हे जर्मन सरकारच्या पैशातून २०१६ नंतर वाढवले गेले. ते लार्ज एडी सिम्युलेशन करतं: वाऱ्याचे मोठे भोवरे गणितानं प्रत्यक्ष काढतं, ग्रिडपेक्षा लहान भोवऱ्यांचा अंदाज करतं.

विंडोजवर माउसनं काम करायचं असेल तर ‘एन्व्ही-मेट’ आहे. आर्किटेक्चरच्या मुलांमध्ये ते लोकप्रिय आहे, पण पूर्ण आवृत्तीला पैसे पडतात. हायवेच्या कडेचा साधा अंदाज हवा असेल तर या सगळ्याची गरजच नाही, गॉसियन पद्धतीचं (धूर ठरावीक सूत्रानं पसरवणारं) मॉडेल मिनिटभरात उत्तर देतं. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या पेठेतल्या रस्त्याला मात्र ते लागू पडत नाही.

पायरी ३: आधी कागदावर गणित

ही पायरी कुणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. समजा रस्ता १० मीटर रुंद आहे. तासाला १२०० गाड्या जातात आणि सरासरी एक गाडी किलोमीटरमागे ०.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडते. हे आकडे फक्त हिशोबापुरते धरलेले आहेत, खरे तुम्हाला मिळवायचे आहेत.

१२०० गुणिले ०.५ म्हणजे तासाला दर किलोमीटरमागे ६०० ग्रॅम. म्हणजे मीटरमागे तासाला ०.६ ग्रॅम. त्याला ३६०० नं भागलं की सेकंदाला मीटरमागे सुमारे १६७ मायक्रोग्रॅम. रस्त्याच्या १० मीटर रुंदीवर पसरलं की दर चौरस मीटरला सेकंदाला १६.७ मायक्रोग्रॅम. मॉडेलला हाच आकडा द्यायचा आहे.

आता हा धूर वर निघतो कसा? छपरांच्या पातळीवरून रस्त्यातली हवा बाहेरच्या हवेशी अदलाबदल करते. त्या अदलाबदलीचा वेग मंद वाऱ्यात सेकंदाला ०.०५ मीटर धरा. १६.७ भागिले ०.०५ म्हणजे घनमीटरला सुमारे ३३० मायक्रोग्रॅम, बाहेरून आलेल्या प्रदूषणाच्या वर. ढोबळ आहे, मान्य. पण मॉडेलनं नुसते ३ किंवा थेट ३० हजार दाखवले, तर गडबड एककात आहे हे लगेच कळेल. हा कागद भिंतीवर चिकटवून ठेवा.

पायरी ४: मशीन

लिनक्स लागेल. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) टाकून भागतं. आठ कोअर आणि १६ जीबी रॅमचा लॅपटॉप शिकण्यापुरता पुरतो. फॉरट्रान कंपायलर, एमपीआय (काम अनेक कोअरमध्ये वाटणारी) आणि नेटसीडीएफ (मॉडेलच्या फाइली वाचणारी-लिहिणारी) लायब्ररी एवढ्या तीन गोष्टी नीट बसल्या की पाम बसतं. नवख्यांची निम्मी हकिकत इथेच संपते, कारण तीनही एकाच कंपायलरनं बांधलेल्या नसतात. उबुंटूच्या भांडारातून तिन्ही एकत्र घ्या, स्वतः बांधत बसू नका. कॉलेजात असाल तर गाइडना सांगून संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) खातं काढून घ्या, पुढे लागेलच.

पामसोबत काही तयार उदाहरणं येतात. सगळ्यात साधं आहे ऊन लागल्यावर सपाट जमिनीवर उकळणाऱ्या हवेचं. त्यात इमारत नाही, धूर नाही. ते चालवा, निकाल सोबत दिलेल्या निकालाशी जुळवा आणि मगच पुढे चला.

पायरी ५: नकाशा

पामला ‘स्टॅटिक ड्रायव्हर’ नावाची एक नेटसीडीएफ फाइल लागते. जमिनीची उंची, इमारतींची उंची, रस्ता कुठे, झाडं कुठे, माती कुठे, हे सगळं त्यात.

आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत. अक्षांश-रेखांशात काम करू नका, मीटरमध्ये करा. पुणे, मुंबई, गोवा, कोल्हापूर हे सगळे यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतात. ७८ रेखांशाच्या पूर्वेला ४४ सुरू होतो, त्यामुळे नागपूरकरांनी ४४ घ्यायचा. दुसऱ्या कुणाची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवली की नागपूरचा नकाशा तिरका होतो आणि कारण सापडत नाही.

इमारतींच्या कडा ओपनस्ट्रीटमॅपवर किंवा गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज संचात मिळतात. पेठांमध्ये दोन्हीत त्रुटी आहेत. एकमेकांना चिकटलेले वाडे कधी एकच मोठा ठोकळा होतात, तर मधला चौक गायब होतो. उंची तर बहुतेक ठिकाणी नसतेच. उपग्रहावरून काढलेल्या उंचीचे संच आहेत, पण पेठेतल्या दाट वस्तीत त्यांच्यावर विसंबू नका. पट्टा छोटा आहे, सरळ चालत जा. मजले मोजा, दर मजल्याला तीन मीटर आणि दुकानाच्या तळमजल्याला थोडे जास्त धरा, वहीत लिहा, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. एका सकाळचं काम आहे, आणि अख्ख्या सिम्युलेशनमध्ये एवढ्या स्वस्तात एवढी अचूकता दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

चालताना आणखी तीन गोष्टी टिपा. रस्त्यावर पुढे आलेले पत्रे आणि दुकानांचे कापडी आडोसे: फुटपाथवरची हवा त्यांच्याखाली अडकते आणि साध्या नकाशात ते नसतात. रस्त्याला मिळणाऱ्या बोळांची तोंडं: हवा तिथून आत-बाहेर करते, ती बुजवली की प्रदूषण फुगतं. आणि झाडं: त्यांची उंची, घेर, पानं जमिनीपासून किती वर सुरू होतात. अरुंद रस्त्यात दाट झाड वारा अडवून धूर खाली धरून ठेवू शकतं. झाडं म्हणजे स्वच्छ हवा असं गृहीत धरणाऱ्यांना हा निकाल आवडत नाही, पण पवनबोगद्यातल्या प्रयोगांत तो वारंवार दिसलेला आहे.

अजून एक. रस्ता ग्रिडला तिरपा असेल तर सरळ भिंतीची जिन्यासारखी पायरीदार भिंत होते आणि वारा प्रत्येक पायरीला अडखळतो. डोमेन, म्हणजे मॉडेलमधला हवेचा सगळा ठोकळा, फिरवून रस्ता ग्रिडच्या रेषेत आणा. पाममध्ये त्यासाठी फिरवण्याचा कोन देता येतो.

पायरी ६: ग्रिड

युरोपातल्या कॉस्ट ७३२ या उपक्रमाचे शहरी हवेच्या मॉडेलांसाठीचे संकेत हाताशी ठेवा: इमारतीच्या प्रत्येक बाजूला किमान दहा सेल, सगळ्यात उंच इमारतीची उंची ‘उ’ धरली तर वर छपरापासून ५ उ मोकळी जागा, वारा येतो त्या बाजूला ५ उ, जातो त्या बाजूला १५ उ. रस्त्याच्या रुंदीतही दहाएक सेल असलेले बरे. दहा मीटरच्या रस्त्याला याचा अर्थ एक मीटरचा ग्रिड.

इथे लॅपटॉप हात टेकतो. ग्रिड निम्मा केला की तिन्ही दिशांना सेल दुप्पट, म्हणजे आठपट, आणि टाइम स्टेपही (मॉडेल एका पावलात किती वेळ पुढे जातं ते) निम्मा, म्हणून एकूण काम सोळापट. टाइम स्टेप लहान का? एका पावलात वाऱ्यानं एका सेलपेक्षा जास्त अंतर कापता कामा नये. दोन मीटरचा सेल आणि चार मीटर सेकंदाचा वारा असेल तर पाऊल अर्ध्या सेकंदाच्या आत हवं. एका तासाच्या सिम्युलेशनला सात हजारांहून जास्त पावलं.

म्हणून नेस्टिंग: जाड ग्रिडच्या मोठ्या डोमेनच्या आत बारीक ग्रिडचं छोटं डोमेन. बाहेरचं डोमेन १६०० बाय १६०० मीटर, ८ मीटरचा ग्रिड, वर हजार मीटरपर्यंत. वरच्या भागात सेलची उंची हळूहळू ताणत न्या. आत ४०० बाय ४०० मीटर, ८० मीटर उंच, २ मीटरचा ग्रिड. आतल्या डोमेनचे सेल होतात २०० गुणिले २०० गुणिले ४०, म्हणजे १६ लाख. लॅपटॉपवर जमतं. दोन मीटरवर शिका, चुका करा. सगळं बसलं की एक मीटरचा रन क्लस्टरवर टाका आणि छापायचे आकडे त्यातलेच घ्या.

पाममध्ये मोजणी शून्यापासून असते. २०० सेल हवे असतील तर पॅरामीटरच्या फाइलमध्ये १९९ लिहायचं. नकाशात २०० आणि फाइलमध्येही २०० असेल तर रन सुरूच होत नाही, आणि खरं तर ते चांगलंच आहे.

हजार मीटरची उंची डिसेंबरच्या सकाळी ९ ला पुरते, कारण रात्रीची थंड हवा अजून जमिनीलगत बसलेली असते. हाच रन दुपारी २ चा करायचा तर हवेचा थर उन्हानं वर फुगलेला असेल, तेव्हा दोन-अडीच किलोमीटर उंची द्या.

पायरी ७: भिंती जर्मन आहेत, त्या बदला

पाममध्ये इमारतींचे सहा तयार प्रकार आहेत: घरं आणि ऑफिसं, प्रत्येकी तीन कालखंडांचे, १९५० पर्यंतचे, १९५१ ते २००० चे आणि त्यानंतरचे. हे सगळे जर्मन हवेसाठी बांधलेले आहेत. नव्या प्रकारांत उष्णता अडवणारे थर आहेत, काच वेगळी आहे. शनिवार पेठेतली विटांची भिंत, वर सिमेंटचा गिलावा आणि डोक्यावर पत्रा, असं त्यात काहीच नाही. प्रकार ‘१९५० पूर्वीचा’ निवडला म्हणजे वाडा झाला असं नाही.

प्रत्येक भिंतीसाठी थरांची जाडी, उष्णता वाहून नेण्याची आणि साठवण्याची क्षमता, रंगाची परावर्तकता आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता देता येते, ती द्या. नव्या कोऱ्या चकचकीत पत्र्याकडे विशेष लक्ष असू द्या: तो ऊन परतवतो, पण स्वतःची उष्णता किरणांनी बाहेर टाकायला फार कंजूस असतो. गंजला, मळला की दोन्ही गुण बदलतात. धुराच्या प्रश्नाला भिंतींचं तापमान दुय्यम आहे, पण वारा अगदी मंद असेल तर तापलेली भिंत स्वतःच हवा वर ओढते. उकाड्याच्या प्रश्नाला तर भिंती हाच सगळा खेळ आहे.

रन सुरू होण्याआधी भिंती आणि माती ‘तापवून’ घ्याव्या लागतात. पाममध्ये यासाठी स्पिनअप आहे: वाऱ्याचं गणित न करता एक-दोन दिवस फक्त ऊन आणि भिंतींचा हिशोब चालतो. तो स्वस्त असतो, वगळू नका. नाहीतर सकाळी ९ ला भिंतींमध्ये आदल्या दिवसाची ऊब नसते.

पायरी ८: बाहेरची हवा आणि घड्याळ

डोमेनच्या कडेनं येणारा वारा, तापमान आणि आर्द्रता कुठून तरी द्यावी लागते. शिकताना साधा मार्ग घ्या: वाऱ्याची एकच दिशा, एकच वेग, तापमानाचा उभा आलेख. खरा दिवस हवा असेल तर आधी डब्ल्यूआरएफ चालवा, त्याला ईआरए-५ चं (जगभरच्या मागच्या हवामानाच्या संचाचं) इनपुट द्या आणि त्याचा निकाल पामला द्या. या कामासाठी पायथॉनच्या स्क्रिप्ट्स मुक्तपणे मिळतात. मोठ्या मॉडेलमधून आलेला वारा गुळगुळीत असतो, त्यात भोवरे नसतात. म्हणून कडेला कृत्रिम खळबळ घालायची सोय पाममध्ये आहे, ती चालू ठेवा.

वाऱ्याची दिशा इथे फार महत्त्वाची आहे. लक्ष्मी रस्ता ढोबळमानानं पूर्व-पश्चिम. वारा पूर्वेचा असेल तर तो रस्त्याच्या बोगद्यातून धूर पुढे वाहून नेतो. उत्तरेचा असेल तर छपरांवरून जाताना रस्त्यात एक आडवा भोवरा फिरवत ठेवतो. या भोवऱ्यात जमिनीलगतचा वारा उलटा, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. परिणामी धूर उत्तरेच्या बाजूच्या दुकानांपुढे साठतो, म्हणजे जिकडून वारा आला त्याच बाजूला! पहिल्यांदा बघणारा दिशा उलटी भरली असं समजून इनपुट ‘दुरुस्त’ करायला जातो. तसं करू नका. इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण ०.७ पटीच्या वर गेली की हे असंच होतं.

आता घड्याळ. मॉडेलची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरा. आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे, आणि त्यातला तो अर्धा तासच त्रास देतो. सकाळचे ९ म्हणजे यूटीसी ३:३०. गाड्यांचा तक्ता तासातासाचा असेल तर तो यूटीसीच्या तासांवर बसत नाही. कुणी ५ तास वजा करतं, कुणी ६, आणि सकाळची गर्दी अर्धा तास सरकते. तक्ता आधी अर्ध्या तासाचा करून घ्या, मग सरकवा.

घड्याळ बरोबर आहे का हे उन्हावरून तपासता येतं. ११ डिसेंबरला पुण्यात सूर्य साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर असतो, म्हणजे यूटीसी सातच्या आसपास, आणि तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. दक्षिणेची इमारत १५ मीटर उंच असेल तर तिची सावली १३ मीटर पडते, म्हणजे दहा मीटरचा रस्ता सगळा झाकला जातो. अशा इमारतींपुढे भर दुपारी फरसबंदीवर ऊन दिसलं, तर तारीख, वेळ किंवा उत्तर दिशा चुकली आहे. धूर सोडण्याआधी हा एक छोटा रन जरूर करा.

पायरी ९: धूर

गाड्या मोजा. चौकात उभं राहून पंधरा-पंधरा मिनिटं: दुचाकी, रिक्षा, चारचाकी, टेम्पो, बस, वेगवेगळ्या. पुण्यात दुचाकींचं प्रमाण प्रचंड आहे, परदेशी तक्त्यातलं सरासरी वाहन इथे चालत नाही. दर किलोमीटरला कोणती गाडी किती सोडते याचे भारतीय आकडे पुण्याच्याच एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी मोजलेले आहेत. ते जुन्या इंजिनांचे आहेत. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यानंतरच्या गाड्यांना तेच लावले तर धूर फुगेल. वयानुसार गाड्यांचे गट करा आणि कोणता आकडा कुठून घेतला ते लिहून ठेवा.

पायरी ३ मधला हिशोब आता खऱ्या आकड्यांनी परत करा. धूर रस्त्याच्या सेलमध्येच सोडा. फुटपाथवर नको, छपरावर तर नकोच. असं होतं, कारण नकाशा आणि धुराची फाइल एका सेलनं सरकलेल्या असतात. मग बेरीज करा: शंभर मीटर रस्त्यातून तासाला किती ग्रॅम निघाले? आपल्या धरलेल्या आकड्यांत ते ६० यायला हवेत. फाइलमधल्या सगळ्या सेलची बेरीज ६० येत नसेल तर रन लावू नका.

रसायनशास्त्र पहिल्या जोडीत बंद ठेवा. धूर निष्क्रिय धरा: फक्त वाहतो आणि पसरतो. दुसऱ्या फेरीत नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांचा उन्हातला साधा तोल चालू करा. इंजिनातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड येतो आणि तो हवेतला ओझोन खाऊन डायऑक्साइड बनवतो. म्हणून गाड्या बंद केल्यावर रस्त्यावर ओझोन थोडा वाढलेला दिसेल. तो निकाल बरोबर आहे.

पायरी १०: रन आणि निकाल

पहिली वीस-तीस मिनिटं फेकून द्या, वारा तोवर इमारतींमध्ये रुळत असतो. त्यानंतरच्या तासाची सरासरी घ्या. एका क्षणाचं रंगीत चित्र फार सुंदर दिसतं आणि सादरीकरणात तेच टाकायचा मोह होतो, पण तो एक भोवरा आहे, पुढच्या मिनिटाला तिथे नसेल. पॅनोप्ली किंवा पायथॉनच्या एक्सअ‍ॅरेमधून दीड मीटर उंचीचा आडवा छेद आणि रस्त्याला काटकोनात उभा छेद काढा. उभ्या छेदात भोवरा दिसला पाहिजे. रंगांची पट्टी दोन्ही रनना एकच ठेवा. सॉफ्टवेअर ती आपोआप बदलतं आणि स्वच्छ रनही लालभडक दिसतो.

पायरी ११: मोजणीशी गाठ

लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध सरकारी केंद्र नाही. पुण्यात आयआयटीएम या हवामान संस्थेच्या ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या प्रकल्पाची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं आहेत, पण ती दुसऱ्या जागी. त्यांचा उपयोग बाहेरून येणाऱ्या प्रदूषणाची पातळी ठरवायला करा, रस्त्यातल्या आकड्याशी थेट तुलना करायला नाही. केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नायट्रोजन डायऑक्साइड मायक्रोग्रॅममध्ये आणि एकत्रित नायट्रोजन ऑक्साइड पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) असतात. नायट्रोजन डायऑक्साइडचा एक पीपीबी म्हणजे २५ अंश तापमानाला समुद्रसपाटीच्या दाबात १.८८ मायक्रोग्रॅम. एकाच तक्त्यात दोन एककं आहेत हे लक्षात न आल्यानं मॉडेल ‘निम्मंच दाखवतंय’ असे निष्कर्ष निघतात.

जमलं तर भाड्यानं किंवा कॉलेजातून एखादं उपकरण आणून फुटपाथवर ठेवा, दोन्ही बाजूंना. तुलना करताना चांग आणि हॅना यांनी रुळवलेली मापं वापरा. मॉडेलचे किती आकडे मोजणीच्या निमपट ते दुपटीत येतात? वस्तीतल्या प्रयोगांसाठी ते ३० टक्क्यांच्या वर असले तरी स्वीकारार्ह मानतात. हे ऐकून बाहेरच्यांना धक्का बसतो, पण इमारतींमधली हवा तेवढी अवघड आहे. आणि म्हणूनच एकट्या रनच्या आकड्यावर बातमी करू नये.

मोजणी मिळतच नसेल तर जगजाहीर प्रयोग वापरा. अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात २००१ मध्ये १२० मालवाहू कंटेनर ओळीनं मांडून त्यांच्यामधून वायू सोडला होता, ‘मस्ट’ या नावानं तो प्रयोग ओळखला जातो. तुमची मांडणी त्यावर चालवून पाहिली की वारा आणि पसरण नीट जमतंय का ते कळतं.

पायरी १२: वजाबाकी

आता दुसरा रन. पहिल्याची पूर्ण प्रत घ्या आणि फक्त त्या पट्ट्यातला धूर शून्य करा. बाकी एक अक्षर बदलू नका. शेजारच्या रस्त्यांवरचा धूरही आहे तसाच ठेवा. आणि मग तिसरा: बंद रस्त्यावरच्या गाड्या गायब न करता केळकर रस्ता, बाजीराव रस्ता अशा आसपासच्या रस्त्यांवर वाटून द्या. प्रत्यक्षात तसंच होतं, आणि बहुतेक अहवालांत नेमका हाच रन नसतो.

पहिल्यातून दुसरा आणि पहिल्यातून तिसरा वजा करा. नकाशा मायक्रोग्रॅममध्ये काढा, टक्क्यांत नाही. जिथे मुळात प्रदूषण नगण्य आहे तिथे टक्केवारी भलतीच मोठी दिसते. मग हीच तिकडी वाऱ्याच्या किमान चार दिशांना चालवा. पूर्वेच्या वाऱ्यात मिळालेला फायदा उत्तरेच्या वाऱ्यात किती उरतो, कोणत्या बाजूच्या फुटपाथला मिळतो, शेजारच्या रस्त्याला किती भोगावं लागतं, हे एका तक्त्यात मांडा. महापालिकेत कुणाला दाखवायचं असेल तर रंगीत नकाशाऐवजी हा तक्ता पुढे ठेवा.

प्रत्येक रनच्या फोल्डरमध्ये मॉडेलची आवृत्ती, पॅरामीटरची फाइल, नकाशा आणि धुराची फाइल एकत्र ठेवा. निकालाच्या जड फाइली गेल्या तरी चालतील, या चार असतील तर रन परत करता येतो. हाच नकाशा उकाड्याच्या जोडीलाही चालेल. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, डिसेंबरात झाकलेल्या त्याच रस्त्यावर तेव्हा पूर्ण ऊन असतं. धूर बंद करा, तारीख १४ मे करा, डोमेनची उंची वाढवा आणि एका रनमध्ये दुकानांपुढे दोन मीटरचं छत द्या.